टायलिंग विंडो मॅनेजर, मराठी पट्टी आणि सकाळी आठला गायब होणारी भरती

खाडीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, मुक्काम गुहागर तालुका. खालच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, वर माळ्यावर माझं ऑफिस. घरबसल्या हिशोबाचं काम करतो. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, १३६६ बाय ७६८ चा पडदा. नेहमीचा डेस्कटॉप त्याला झेपेना म्हणून डेबियन लिनक्सवर स्वे हा टायलिंग विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) टाकला. आता बरंच जमलंय, पण तीन ठिकाणी अडलोय. ते शेवटी विचारतो. आधी काय काय केलंय ते लिहितो, म्हणजे नव्याने करणाऱ्याच्याही कामाला येईल.

टायलिंगमध्ये खिडक्या एकमेकींच्या अंगावर चढत नाहीत. पहिली उघडली की पूर्ण पडदा तिचा, दुसरी आली की दोघींत वाटणी, तिसरी आली की पुन्हा वाटणी. खिडकी ओढा, कोपरा धरून लहान-मोठी करा, हा उद्योगच संपतो. सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली की) आणि एंटर दाबलं की टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी), सुपर-डी दाबलं की मेनू, सुपर आणि आकडा दाबला की त्या नंबरचं वर्कस्पेस (खिडक्यांचा वेगळा संच). लहान पडद्यावर वाटणीपेक्षा टॅब बरे पडतात, त्यासाठी सुपर-डब्ल्यू. कॅल्क्युलेटर मी स्क्रॅचपॅडवर (खिडक्यांच्या लपत्या कप्प्यात) टाकलाय. सुपर आणि वजाचं चिन्ह दाबलं की समोर हजर, परत दाबलं की गुल. हिशोबवाल्यांनी एवढ्यासाठी तरी हे वापरून बघावं.

स्वेबरोबर एक साधी पट्टी (पडद्याच्या कडेची माहितीची ओळ) येते. ती काढून वेबार लावली. तिचं रूप सीएसएसने (वेबपानांची सजावट लिहायची भाषा) बदलता येतं आणि प्रत्येक मोड्यूल (पट्टीतला एकेक तुकडा) किती वेळाने ताजं करायचं ते वेगवेगळं सांगता येतं. बॅटरी मिनिटाला बघितली तरी पुरते, भरती दहा मिनिटांनी. सगळं दर सेकंदाला चालवलं तर प्रोसेसरला डुलकी लागत नाही आणि बॅटरी उगाच खाल्ली जाते.

पट्टीत काय ठेवायचं याबाबत माझं मत ठाम आहे. जे बघायला दिवसभर आपण खुर्चीतून उठतो किंवा मोबाइल हातात घेतो, तेवढंच. प्रोसेसरचे आलेख, तापमान, वाजत असलेलं गाणं हे सगळं फोटोत झकास दिसतं. रोजच्या कामात तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. मला लागतं ते असं: बॅटरी, हॉटस्पॉटचा आजचा किती डेटा संपला, कीबोर्ड मराठी आहे की इंग्रजी, वार-तारीख आणि भरती.

भरती अशासाठी, की पाहुण्यांचा पहिला प्रश्न तोच. किनाऱ्यावर कधी जाऊ, पाणी कधी उतरेल? आमच्याकडचा जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला पूर्ण भरती तीनला, षष्ठीला साडेचारला, अष्टमीला सहाला. दिवसात दोनदा, साधारण बारा तास पंचवीस मिनिटांच्या अंतराने. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी.

तिथी काढायला इंटरनेट लागत नाही. ६ जानेवारी २००० रोजी १८:१४ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ) अमावस्या होती. युनिक्स सेकंदांत (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या) तो आकडा ९४७१८२४४०. चांद्रमास सरासरी २९.५३०५९ दिवसांचा, म्हणजे २५५१४४३ सेकंद. आत्ताच्या सेकंदांतून पहिला आकडा वजा करायचा, दुसऱ्याने भागून बाकी घ्यायची, बाकीला ८५०४८ ने (महिन्याचा तिसावा भाग) भागायचं आणि एक मिळवायचा. १५ च्या वर गेलं तर १५ वजा. झाली तिथी. तिला ४८ मिनिटांनी गुणलं की भरतीची वेळ. मग डेट कमांडकडून आत्ताचा तास आणि मिनिटं घेऊन आधी भरती येतेय की ओहोटी ते माझी स्क्रिप्ट (आज्ञा लिहिलेली फाइल) ठरवते आणि तेवढंच छापते.

आता अडचणी.

१) मराठी इनस्क्रिप्ट (कीबोर्डची भारतीय मांडणी) चालू असलं की सुपर-डी, सुपर-शिफ्ट-क्यू वगैरे सगळे शॉर्टकट मुके होतात. इंग्रजीवर आलं की परत चालू.

२) नोटो सान्स देवनागरी फॉन्ट लावल्यापासून पट्टी जाडजूड झालीय. उंची २४ सांगितली तरी ऐकत नाही.

३) रोज सकाळी आठच्या ठोक्याला भरती पट्टीतून गायब होते आणि दहाला परत येते. बाकीची पट्टी जागच्या जागी. दुपारी, रात्री, पहाटे काही तक्रार नाही. याच्यापुढे मात्र मी हात टेकले.

---

लाटांचा_हिशोब

वाचनखूण साठवली. अलिबागकर म्हणून भरतीच्या मोड्यूलला पैकीच्या पैकी गुण. आमच्याकडे ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जातात आणि गप्पांत वेळ गेला की परतायला होडी शोधत बसतात.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल: आठ ते दहा तुमच्याकडे लाईट जाते का? किंवा त्या वेळात रेंज जाते?

---

खाडीकाठ

लाईट जाते ती दुपारी. आणि स्क्रिप्टला रेंज लागतच नाही, सगळा हिशोब घरच्या घरी.

---

माउसप्रेमी

लेख वाचला. कौतुक आहे, पण एक भाबडा प्रश्न. इतकी वर्षं माउसने खिडक्या सरकवतोय, कधी कोणाचं अडलं नाही. ही नवी टूम नेमकी कोणासाठी? खिडकी उघडायला आधी फाइल लिहा, मग ती फाइल का चालत नाही म्हणून धागा काढा.

---

जुनं_टर्मिनल

@माउसप्रेमी, नवी टूम म्हणाल तर १९८५ च्या विंडोज १.० मध्येसुद्धा खिडक्या शेजारी-शेजारीच बसत, एकमेकींवर चढत नसत. लिनक्सकडे डीडब्ल्यूएम २००६ पासून आहे, आय-थ्री २००९ पासून, आणि स्वेची १.० आवृत्ती मार्च २०१९ मध्ये आली. आय-थ्री पडदा हाताळणाऱ्या जुन्या एक्स यंत्रणेवर चालतं, स्वे नव्या वेलँडवर, कॉन्फिग (मांडणीची) फाइल मात्र जवळपास तीच. कोणासाठी म्हणाल, तर ज्याच्यासमोर दिवसभर त्याच चार खिडक्या असतात त्याच्यासाठी. फोटो आणि व्हिडिओचं काम करणाऱ्याला मी हे सुचवणार नाही.

धागाकर्त्याच्या पहिल्या दोन प्रश्नांकडे येतो.

शॉर्टकट मुके होतात कारण बाइंडसिम (कॉन्फिगमध्ये शॉर्टकट बांधायची आज्ञा) अक्षर ओळखतं, कीबोर्डवरचं बटण ओळखत नाही. इनस्क्रिप्ट चालू असताना तुम्ही डी दाबता तेव्हा स्वेला डी दिसतच नाही, तिथलं देवनागरी चिन्ह दिसतं. तुमच्या फाइलमध्ये त्या चिन्हाला काही काम दिलेलं नाही, म्हणून शांतता. बाइंडसिमच्या पुढे दोन डॅश देऊन टू-कोड हा पर्याय लिहा. मग स्वे तुमच्या यादीतल्या पहिल्या लेआउटवर ते अक्षर कोणत्या कीवर आहे ते शोधतं आणि त्या कीला बांधून टाकतं. पुढे कीबोर्ड मराठी असो की आणखी काही, फरक पडत नाही. अट एवढीच की लेआउटच्या यादीत यूएस (इंग्रजी) आधी आणि इन (भारतीय) नंतर हवं. उलटं लिहिलं तर शोधाशोध मराठी लेआउटवर होईल आणि डी तिथे सापडणारच नाही. प्रत्येक ओळीत हाताने घालत बसू नका, संपादकातून बाइंडसिम शोधून एकदम बदला. आय-थ्रीवाल्यांना बाइंडकोड वापरून कीचा नंबरच लिहिता येतो.

उंचीचं कारण मात्रा. देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार येतात, म्हणून या फॉन्टची ओळ रोमन फॉन्टपेक्षा उंच असते. वेबार टर्मिनलमधून चालवून बघा, मागितलेली उंची मोड्यूलना लागणाऱ्या किमान उंचीपेक्षा कमी आहे असा इशारा तिथे छापलेला दिसेल. सीएसएसमध्ये सगळ्यांना मिन-हाइट शून्य करा, मोड्यूलचं वरचं-खालचं पॅडिंग काढा, फॉन्ट एक-दोन पिक्सेल कमी करा. तरी २४ मध्ये बसवायचा हट्ट नको, २८-३० करा. नाहीतर 'शुक्रवार'चे उकार कापले जातील.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी सांगतो. वेबार कशी सुरू करता? एक्झेक-ऑलवेजने (प्रत्येक रीलोडला पुन्हा चालणारी आज्ञा) करत असाल तर प्रत्येक रीलोडला आणखी एक पट्टी उगवेल. बारच्या कंसात स्वेबार-कमांड म्हणून वेबारचं नाव द्या, मग तिला उठवणं-बसवणं स्वेच बघतं.

---

खाडीकाठ

टू-कोडने काम झालं! मराठीत पत्र लिहिता-लिहिता सुपर-डी चाललं. पट्टी ३० वर ठेवली. आणि हो, रीलोडला दोन पट्ट्या यायच्या, ते कोडंही सुटलं.

---

मालवणी_झील

खाडीकाठानू, हिशोब बरोबर असा, पण तो मुंबयच्या बाजूचो. आमच्या मालवणाक भरती मुंबयच्या आधी येता. पाऊणपट करून झाल्यार थोडी मिन्टां वजा करूक व्हयी. किती ती जवळच्या बंदराच्या तक्त्यातसून काढा, भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्साक भरती-ओहोटीचे तक्ते छापता. आणि खाडीच्या तोंडार जी वेळ ती आत गेल्यार नसता, आत पाणी उशिरान चढता.

दुसरा म्हणजे उधाण. पुनवेक आणि अवसेक उधाण म्हणतत, पण खरो जोर त्याच्यानंतर एक-दोन दिवसांनी येता. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाय नि धड उतरत नाय. ता रंगान दाखवलात तर आमच्यासारख्यांका उपयोग. आणि एक सांगतंय, ह्या बघून होडी लोटू नकात.

---

खाडीकाठ

झिला, हे भारी सांगितलंस. स्क्रिप्टच्या वर एक ओळ वाढवली, 'फरक' नावाची, त्यात मिनिटं टाकायची. मालवणवाल्याने वजा टाकावीत, खाडीत आत राहणाऱ्याने अधिक. मी चार दिवस धक्क्यावरच्या पायऱ्या बघून माझा आकडा बसवतो.

रंगही केले. वेबारला रिटर्न-टाइप जेसन (माहिती नावांसकट लिहायची पद्धत) सांगितलं की स्क्रिप्टने मजकूर, माउस नेल्यावर दिसणारी टीप आणि वर्ग (सीएसएसने रंग देण्यासाठीचं नाव) असं तिन्ही देता येतं. तिथी १५, १ आणि २ असेल तर उधाणाचा वर्ग, ७ ते ९ ला भांगाचा. सीएसएसमध्ये उधाणाला गडद निळी पार्श्वभूमी, भांगाला राखाडी. टीपेत पक्ष, तिथी आणि त्या दिवसाच्या दोन्ही भरत्या.

होडीबद्दल शंभर टक्के सहमत. समुद्रावर जाणाऱ्याने छापील तक्ता बघावा आणि लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचे इशारे. माझी पट्टी पाहुण्यांना वाळूत कधी सोडायचं एवढ्यापुरती. सरासरी चांद्रमास धरल्यामुळे खरी अमावस्या बारा-चौदा तास मागेपुढे असू शकते, म्हणजे भरतीत अर्ध्या तासाच्या आतबाहेर फरक इथेच पडतो.

---

चाकरमानी_राजापूर

मी डोंबिवलीत डीडब्ल्यूएम वापरतो. मांडणी कॉन्फिग-एच फाइलमध्ये लिहून प्रत्येक वेळी कंपाइल करायचं, पण एकदा केलं की वर्षभर हात लावावा लागत नाही. माझ्याही पट्टीत मराठी वार आणायचा प्रयत्न केला. 'रविवार'मधली वेलांटी व च्या डाव्या बाजूला येण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसली, 'शुक्रवार'चा क्र फुटून क, हलंत आणि र असे वेगळे दिसतात. फॉन्ट तीन बदलले. नोटो, लोहित, मुक्त, सगळ्यांत तेच. काय करावं?

---

सुरंगी

@चाकरमानी, फॉन्ट बदलून उपयोग नाही, फॉन्टचा दोषच नाही. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने साठवली जातात त्या क्रमाने काढायची नसतात. 'रविवार'मधला वि साठवताना व आधी, वेलांटी नंतर; दाखवताना वेलांटी आधी. क्र साठी तीन चिन्हं मिळून एक आकृती. ही जुळवाजुळव करणारं इंजिन म्हणजे हार्फबझ, आणि पॅंगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी ते वापरते. डीडब्ल्यूएम मजकूर एक्सएफटी या साध्या लायब्ररीने काढतं. एक्सएफटी एकेक चिन्ह उचलून ओळीत ठेवतं, जुळवाजुळव करत नाही. म्हणून कुठलाही फॉन्ट लावा, वेलांटी चुकीच्या बाजूलाच.

वेबार जीटीकेवर (खिडक्या-बटणं बनवायचा संच) बांधलेली आहे, म्हणजे खाली पॅंगो. तिथे मराठी आपोआप नीट येतं. आय-थ्रीच्या पट्टीतही येतं, फक्त फॉन्टच्या ओळीत आधी पॅंगो लिहून कोलन द्यायचा, मग फॉन्टचं नाव. डीडब्ल्यूएममध्येच राहायचं असेल तर वार इंग्रजीत ठेवा.

टर्मिनलबद्दल वेगळी गोष्ट. तिथे प्रत्येक अक्षराला ठरलेल्या मापाची चौकट असते आणि आपलं जोडाक्षर त्या हिशोबात बसत नाही. फूट टर्मिनल बऱ्यापैकी निभावतं, पण टर्मिनलमध्ये मराठी लेख लिहायला बसू नका.

@खाडीकाठ, तिसऱ्या प्रश्नाचा मला संशय आलाय. उद्या साडेआठला ती स्क्रिप्ट पट्टीतून नव्हे, टर्मिनलमधून हाताने चालवा आणि जे छापलं जाईल ते इथे लिहा. स्क्रिप्ट बॅशमध्ये (लिनक्सवर आज्ञा चालवणारा प्रोग्राम) आहे ना?

---

खाडीकाठ

हो, बॅश. उद्या सकाळी कळवतो.

---

लाटांचा_हिशोब

माझा अंदाज: आठ ते दहा खाडीकाठ चहा-घावणे खायला खाली जातात, स्क्रीन लॉक होते.

---

खाडीकाठ

@लाटांचा_हिशोब, घावणे साडेसातलाच आटोपतात. 😄

सुरंगीताई, आत्ता ८:३४ ला चालवली. भरती छापलीच नाही. त्याऐवजी बॅश म्हणतं की किंमत पायासाठी फार मोठी आहे, आणि चुकीचा तुकडा म्हणून ०८ दाखवतं.

---

सुरंगी

वाटलंच होतं. बॅशच्या अंकगणितात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो. त्या पद्धतीत अंक ० ते ७ एवढेच. डेट कमांड तास दोन अंकी देते: ००, ०१ ... ०७ हे चालून जातात, कारण अष्टमानातही त्यांची किंमत तीच. ०८ आला की बॅश अडतं, ०९ लाही अडतं. १० पासून पुढे आधी शून्यच नाही, त्यामुळे रात्री बारापर्यंत सगळं सुरळीत. म्हणून बरोबर आठ ते दहा. स्क्रिप्ट मध्येच मेली की काही छापत नाही, आणि रिकामा मजकूर आला की वेबार ते मोड्यूल लपवते. त्यामुळे पट्टीत चूकही दिसत नाही, नुसती जागा गायब.

उपाय दोन. डेटला तास मागताना टक्के आणि एच यांच्यामध्ये एक डॅश घाला, मग ती आधीचं शून्य काढून नुसता ८ देते. किंवा अंकगणितात त्या चलाच्या आधी १० आणि हॅश लिहा, म्हणजे हा दशमान आहे असं स्पष्ट सांगितलं. मी दुसरा वापरते, कारण तो कुठूनही आलेल्या आकड्याला चालतो.

मिनिटांनाही तेच करा. तुम्ही मिनिटं अंकगणितात घेत असाल तर प्रत्येक तासाच्या आठव्या आणि नवव्या मिनिटालाही हा गोंधळ होत असणार. दहा मिनिटांनी ताजं होतं म्हणून तो बहुधा निसटला.

---

खाडीकाठ

१० आणि हॅश लावला. ९:१० झालेत आणि भरती जागेवर आहे! मिनिटांनाही लावला.

---

माउसप्रेमी

हे मात्र खरंच गंमतशीर होतं. माउसवरच आहे, पण धागा शेवटपर्यंत वाचला.

---

जुनं_टर्मिनल

सुरंगी, मान गये. मी मनातल्या मनात यूटीसी आणि भारतीय वेळेतल्या साडेपाच तासांना दोष देत होतो.

---

खाडीकाठ

पुढची हौस. आता आकडे देवनागरीत करायचे आहेत. वार आणि महिना वेबारच्या घड्याळातूनच मराठीत आले: लोकेल (भाषेची सेटिंग) एमआर-आयएन दिलं, फॉर्मॅटमध्ये टक्क्याच्या आधी मोठा एल लावला. आधी लोकेल सिस्टिमवर तयार करून घ्यावं लागतं. डेबियनच्या यादीत ते नुसतं एमआर अंडरस्कोर आयएन असं आहे, नावाला यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) चिकटलेलं नाही, ते शोधण्यात थोडा वेळ गेला. पण भरतीच्या वेळेतले आकडे माझ्या स्क्रिप्टमधून येतात. त्यासाठी टीआर (चिन्हं बदलायची आज्ञा) वापरला तर कचरा येतोय, चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

---

सुरंगी

टीआर इथे चालणार नाही. ग्नूचा टीआर बाइट बदलतो, अक्षर नाही, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक अंक तीन बाइटांचा. त्याने पहिल्या बाइटालाच हात घातला की कचरा. सेडची (मजकूर बदलणारा प्रोग्राम) वाय आज्ञा वापरा. एका बाजूला रोमन दहा अंक, दुसऱ्या बाजूला ०१२३४५६७८९. सेड अक्षरं ओळखतं, मात्र लोकेल यूटीएफ-८ हवं. टर्मिनलमध्ये चाललं आणि पट्टीत 'दोन्ही बाजूंची लांबी वेगळी' अशी कुरकुर आली, तर समजा की पट्टीला लोकेल मिळालेलं नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लँग (लोकेल सांगणारं चल) एक्सपोर्ट करून टाका.

हे अगदी शेवटच्या पायरीला करा, छापायच्या क्षणी. आधी केलंत तर बॅश देवनागरी अंकांची बेरीज करणार नाही.

---

पावसाळी_चिपळूण

भरती झाली, आता लाईटचं बोला. जून ते सप्टेंबर आमची खरी पट्टी तीच. वेबारच्या बॅटरी मोड्यूलमध्ये स्टेट्स देऊन ३० ला पिवळा आणि १५ ला लाल केलंय, ते ठीक. पण घरात इन्व्हर्टर आहे. लाईट गेली तरी लॅपटॉपला चार्जर चालूच दिसतो, आणि इन्व्हर्टर बसायला आला की एकदम सगळं अंधारात. लाईट गेली हे पट्टीला कसं कळवायचं?

---

जुनं_टर्मिनल

आमच्याकडे एक जुना राउटर इन्व्हर्टरवर नसलेल्या प्लगला लावलाय. त्याचं काम एकच, घरच्या नेटवर्कवर जिवंत असणं. स्क्रिप्ट अर्ध्या मिनिटाने त्याला एक पिंग (जिवंत आहेस का अशी विचारणा) मारते, एक सेकंद थांबते. उत्तर आलं तर काही छापत नाही. सलग दोनदा आलं नाही तर पट्टीत लाल रंगात 'लाईट गेली' आणि कधी गेली ती वेळ. वेळ महत्त्वाची, कारण इन्व्हर्टर किती तास ओढतो ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, लाईट कधी गेली तेच आठवत नाही. मुख्य राउटर मात्र इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर पिंग कोणालाच लागणार नाही.

इन्व्हर्टर नसलेल्यांना यातलं काही नको. चार्जरची अवस्था सिस-क्लास-पॉवर-सप्लाय या फोल्डरमध्ये ऑनलाइन नावाच्या फाइलीत असते, १ किंवा ०. तीही सारखी वाचत बसायची गरज नाही. कस्टम मोड्यूलला सिग्नल म्हणून ८ द्या, इंटरव्हल 'वन्स' ठेवा आणि यूडेव्हच्या (हार्डवेअरमधले बदल टिपणारी यंत्रणा) नियमातून वेबारला आरटीमिन अधिक ८ हा सिग्नल पाठवा. लाईट गेली त्या क्षणी मोड्यूल जागं होतं, एरवी झोपलेलं.

---

पावसाळी_चिपळूण

जुन्या राउटरची युक्ती अफलातून. कपाटात एक पडलाय, त्याला नोकरी लागली. आणि धागाकर्त्यांनी सुरुवातीला आजच्या डेटाचं लिहिलंय, ते कसं केलंत? वेबारचं नेटवर्क मोड्यूल फक्त आत्ताचा वेग दाखवतं.

---

खाडीकाठ

व्हीएनस्टॅट बसवा. त्याचा डीमन मागे चालू राहून मोजतो. त्याला वनलाइन पर्याय देऊन विचारलं की अर्धविरामांनी तोडलेली एक लांब ओळ मिळते, तिच्यातला सहावा रकाना म्हणजे आजचा येणं-जाणं मिळून एकूण डेटा. कटने तो उचला, पाच मिनिटांनी ताजा करा. मोबाइलवर वेगळा खर्च झालेला यात धरला जात नाही, तेवढं लक्षात ठेवा.

---

मालवणी_झील

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा वेळच वेळ. माज्या पोराच्या लॅपटॉपार ह्या सगळा बसवतंय. हायपरलँड म्हणून एक असा, त्यात खिडक्यो नाचतत. ता घेव की स्वे?

---

जुनं_टर्मिनल

लॅपटॉप नवा असेल आणि पोराला नाच आवडत असेल तर हायपरलँड. कॉन्फिगची भाषा वेगळी आहे, पण वेबार तिथेही चालते, भरतीची स्क्रिप्ट जशीच्या तशी लागेल. लॅपटॉप जुना असेल तर स्वे.

---

चाकरमानी_राजापूर

धाग्याने मला डीडब्ल्यूएममधून बाहेर काढलं. स्वे टाकलं, रविवारची वेलांटी जागेवर आली. आता गणपतीला पंधरा दिवस गावाहून काम करायचंय आणि स्क्रीन शेअर होत नाही. मीटिंगमध्ये समोरच्यांना काळा पडदा दिसतो. एक्समध्ये तर व्हायचं.

---

सुरंगी

वेलँडमध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याचा पडदा थेट बघू शकत नाही, परवानगी घेऊन जावं लागतं. त्यासाठी पाइपवायर (चित्र-आवाज पोचवणारी सेवा) आणि एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टलचं (परवानगी देणारी सेवा) डब्ल्यूएलआर पॅकेज बसवा. दोन्ही असूनही काळंच येत असेल तर तुमची कॉन्फिग फाइल तपासा. डेबियनच्या मूळ फाइलमध्ये शेवटी एक इन्क्लूडची ओळ असते, ईटीसीमधल्या स्वेच्या कॉन्फिग-डी फोल्डरकडे बोट दाखवणारी. लोक स्वतःची फाइल कोरी लिहायला घेतात आणि ती ओळ राहून जाते. तिच्यातूनच पोर्टलला कळतं की इथे स्वे चालू आहे. ओळ परत घाला, लॉगआउट होऊन पुन्हा या.

---

चाकरमानी_राजापूर

ओळ नव्हतीच! घातली, पडदा दिसला. मात्र पूर्ण पडदा जातो, त्यामुळे वरची पट्टीही सगळ्यांना दिसते. 'लाईट गेली' ठीक आहे, पण आमच्या साहेबांनी 'ओहोटी ५:१०' वाचून मीटिंग कितीला संपवायची ते विचारलं.

---

जुनं_टर्मिनल

वेबारला यूएसआर-१ सिग्नल पाठवला की पट्टी लपते, परत पाठवला की येते. मी पीकिलची (सिग्नल पाठवायची आज्ञा) ती ओळ सुपर-शिफ्ट-बी ला बांधलीय, टू-कोडसकट.